अर्धी वाकळ, पावट्याचा वेल आणि सुट्टीला येणारी नातवंडं

थोरली नात तेव्हा सहा वर्षांची होती. मे महिन्याची सुट्टी संपवून पुण्याला निघाली आणि दारातून परत फिरली. सोप्यात पसरलेल्या अर्धवट शिवलेल्या वाकळेवर, म्हणजे गोधडीवर, तळहात टेकून म्हणाली, “आजी, ही ओळ माझी. तू घालायची नाहीस.” मी ती ओळ दिवाळीपर्यंत तशीच ठेवली. दिवाळीला गाडीतून उतरली ती थेट सोप्यात गेली, ओळ कोरी आहे ना हे बघितलं आणि मग पाया पडली. तेव्हापासून आमच्या घरात नियमच झाला: सुट्टी संपताना काहीतरी अर्धं ठेवायचं, आणि ते मुलांचंच असायचं.

ज्यांनी शाळेनंतर सुई धरली नाही, कुंडीत तुळशीपलीकडे काही लावलं नाही आणि आता नातवंडं घरी येणार म्हणून ज्यांना काहीतरी करावंसं वाटतंय, अशा आजी-आजोबांसाठी हे लिहिते आहे. आजोबांनाही मुद्दाम सांगते, की धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा टाका, घालायला बाईचाच हात लागतो असं काही नाही. आमच्याकडे सगळ्यात सरळ ओळ यांचीच येते.

मी वर्षाच्या क्रमानं सांगणार आहे. एप्रिल-मेमध्ये कडक ऊन असतं, मुलं घरी असतात, तेव्हा कापड आणि शिवण. शाळा उघडायच्या आत, वळवाचे एक-दोन पाऊस झाले की वेलाची पेरणी. दिवाळीला फुलं, थंडीत शेंगा, आणि त्याच थंडीत वाकळ अंगावर.

आधी कापड

आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर भागात वाकळ म्हणतात, बाकी बऱ्याच ठिकाणी गोधडी. तान्ह्या बाळासाठी शिवतात ते दुपटं. तुमची सुरुवात दुपट्यानंच करा, घरात बाळ नसलं तरी. चार फूट बाय सहा फुटांची वाकळ हौसेनं पसरली जाते आणि आठ दिवसांनी गुंडाळून माळ्यावर जाते, असं मी फार घरांत पाहिलं आहे. दुपटं आठवड्यात हातावेगळं होतं, मुलाला शेवट दिसतो, आणि ते पुढं मांडीवर घ्यायला, बाहुलीला, प्रवासात उशाला उपयोगी पडतं.

कापडाचा हिशेब सोपा आहे. सहावारी साडी साधारण ५.५ मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याची असते. तिचे मीटर-मीटरचे पाच तुकडे होतात. चार एकावर एक घातले की चार पदरी दुपटं, आणि पाचव्यातून पट्ट्या कापून कडेची मगजी. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं. सहा-सहा फुटांच्या चार घड्या घातल्या की एका माणसाची चार पदरी वाकळ तयार, आणि उरलेल्या तुकड्यात ठिगळं. चार पदरांच्या वर नवख्यानं जाऊ नये. सुई आरपार जात नाही, बोटं दुखतात आणि मन उडतं.

साडी सुतीच हवी, आणि वापरून मऊ झालेली. कापड मिश्र आहे का याची शंका आली तर कडेचा एक दोरा ओढून त्याचं टोक पेटवून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक गोळी धरतं. ही परीक्षा मुलं झोपल्यावर करावी. पॉलिस्टरची साडी वाकळीत घालू नका. ती घाम टिपत नाही, पदर एकमेकांवरून सरकतात आणि शिवण कधीच सपाट बसत नाही.

नंतर फॉल उसवा, जरीचा काठ काढून बाजूला ठेवा, खळ असेल तर गरम पाण्यात रात्रभर भिजवून काढा. गडद रंगाच्या ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून बघा. रुमाल रंगला तर ते कापड आत घालण्यातही अर्थ नाही. सगळं कापड एकदा धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री केल्यावरच कात्री लावा. मी पहिल्या वाकळेला जुन्या लुगड्याखाली नवं कोरं अस्तर घातलं होतं, न धुता. पहिल्याच धुण्यात अस्तर आकसलं आणि वरचं लुगडं जागोजाग फुगलं. महिनाभराची मेहनत होती, फार वाईट वाटलं. ती वाकळ मी उसवली नाही, अजून वापरते, पण तेव्हापासून कोऱ्या कापडाला आधी दोनदा पाणी दाखवते.

कापड निवडायला मुलांना बसवाच. ट्रंक उघडली की प्रश्न सुरू होतात. ही कुणाची? ही का फाटली? या साडीत तू कुठं गेली होतीस? माझ्या सासूबाईंचं हिरवं लुगडं, लेकीच्या शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा, नातवाचं पहिलं झबलं असं सगळं एका दुपारी जमिनीवर पसरलं जातं. घरातल्या ज्या माणसांना मुलांनी पाहिलेलंही नाही, ती त्यांना अशा वेळी ओळखीची होतात. गोष्ट सांगायची म्हणून बसलात तर मुलं दहा मिनिटांत उठतात. हातात कापड असलं की तास-दीड तास बसतात. माझा अनुभव असा आहे की या कामातला सगळ्यात चांगला वेळ हाच, म्हणून तो उरकू नका.

अंथरणं आणि टाके

लागणारं सामान थोडं आहे. लांब, मोठ्या नेढ्याच्या सुया, जाड सुती दोरा (दुकानात गोधडीचा दोरा म्हणून मागा), चांगली कात्री, खडू, मधल्या बोटाला अंगुस्तान. दाभण घेऊ नका, ते पोत्यासाठी. त्यानं मऊ साडीला भोकं पडतात.

लादी पुसून सतरंजी अंथरा. सगळ्यात खालचा पदर उलटा पसरा, चारी कोपऱ्यांवर डबे ठेवून ताणून घ्या. वरचे पदर एकेक टाकत मधून कडेकडे तळहातानं सुरकुत्या काढत जा. मुलांना हे काम फार आवडतं. गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वाकळ सारवल्यासारखी सारखी करतात. सगळ्यात वर चांगल्या रंगाचा पदर. ठिगळं लावायची असतील तर त्यावर, कडा पाव इंच आत दुमडून.

आता कच्चा दोरा. लांब लांब टाके, वीत-वीत अंतरावर, आधी मधोमध उभा आणि आडवा, मग दोन्ही बाजूंना. ही पायरी सोडायचा मोह होतो. सोडू नका. कच्चा दोरा नीट घातला तर वाकळ उचलून मांडीवर, टेबलावर, झोपाळ्यावर कुठंही नेता येते. गुडघे दुखत असतील तर जमिनीवर फक्त एवढंच काम करा आणि पुढचं जेवणाच्या टेबलावर.

पक्क्या शिवणीला एकच टाका: धावदोरा. खडूनं सरळ रेघ मारा, दोरा हातभराच्या थोडा पुढं घ्या (जास्त घेतला की गुंता होतो), गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवा आणि चालू लागा. सुईवर एका वेळी तीन-चार टाके भरून मग ओढायचे. टाका तांदळाच्या दाण्याएवढा यावा असं माझी आजी म्हणायची. पहिल्या आठवड्यात तो घेवड्याच्या दाण्याएवढा येईल, येऊ द्या. टाके लहान असण्यापेक्षा सारखे असणं महत्त्वाचं. दर वेळी खालच्या बाजूला बोट लावून सुई शेवटच्या पदरातून बाहेर आली का ते बघा, नाहीतर अस्तर तसंच लोंबकळत राहतं.

दोन ओळींत एक इंच अंतर ठेवा. जुन्या बायका बोटभरच ठेवायच्या आणि त्या वाकळा वीस-वीस वर्षं टिकल्या, पण नवख्याला इंचभर पुरे. सुरुवात मधल्या ओळीपासून करून दोन्हीकडे जा. कडेपासून सुरू करून चौकोनी फेरे घालत मध्यावर येण्याचीही जुनी पद्धत आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका आपली कवंदी (त्यांच्याकडची वाकळ) अशीच कडेकडून आत शिवत येतात आणि कोपऱ्यांना त्रिकोणी कापडाची फुलं लावतात. ती दिसते फार देखणी. पण त्यात सुरकुती मध्यावर ढकलली जाते आणि शेवटी तिथं फुगा येतो; तो जिरवायला सरावाचा हात लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या वाकळेला करून बघा.

वेळेचा अंदाज: दुपट्याच्या चाळीसेक ओळी होतात, नवख्याला एका ओळीला बारा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे रोज तास-सव्वा तास दिला तर आठवडा. मोठ्या वाकळेला तीन ते चार आठवडे. एका बैठकीत चाळीस मिनिटांवर शिवू नका. उठा, झाडांना पाणी घाला, मान फिरवा. गडद कापडावरचं काम सकाळच्या उजेडातच करावं. रात्री दिव्याखाली काळ्या साडीवर शिवून डोळ्यांतून पाणी येण्यात शहाणपण नाही.

शेवटी मगजी. दोन इंच रुंद पट्टी वाकळेच्या कडेला उलटी लावून धावदोरा, मग पलटवून पाठीमागं बारीक तिरक्या टाक्यांनी हेम. कोपरे घाईनं वळवू नका, तिथंच वाकळ आधी विरते.

आमच्या घरी शेवटची कड बंद करायच्या आधी आत चिमूटभर तांदूळ टाकायची रीत आहे. वाकळ उपाशी राहू नये म्हणून, असं आजी सांगायची. हे काम धाकट्या नातवाचं. तो चिमटीत तांदूळ घेऊन श्वास रोखून उभा असतो.

मुलांच्या हाताला काय द्यावं

“तू बघ हं आजी कशी करते ते” हे वाक्य मुलांना पाच मिनिटं पुरतं. त्यांना खरं काम द्या, ज्याच्यावाचून तुमचं अडेल असं. माझं खरोखर अडतं: सुई ओवताना. चष्मा लावूनही नेढं दिसत नाही. नात सकाळी दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवते, मग माझी दुपार सुरळीत जाते. तिला हे पक्कं ठाऊक आहे की ती नसली तर आजीचं काम थांबतं, आणि या गोष्टीचा तिला केवढा अभिमान आहे!

तीन-चार वर्षांच्या मुलांनी तुकडे रंगाप्रमाणे लावावेत, सुरकुत्या काढाव्यात. त्यांच्या आसपास सुई नकोच. पाच-सहा वर्षांच्यांना पोत्याचा तुकडा, बोथट टोकाची प्लास्टिकची सुई आणि लोकरीचा धागा द्या; भोकं मोठी असल्यानं टाका दिसतो आणि समजतो. सातव्या-आठव्या वर्षी खऱ्या सुईनं धावदोरा जमतो, शेजारी तुम्ही बसलेल्या असलात तर. दहाच्या पुढचं मूल कच्चा दोरा घालू शकतं, मापं घेऊ शकतं आणि खडूच्या रेघा तुमच्यापेक्षा सरळ मारतं.

सुया मोजून काढा, मोजून ठेवा. मोजायचं काम मुलाकडेच द्या. एक कमी भरली तर सापडेपर्यंत कुणी जमिनीवर बसायचं नाही. घरात लोहचुंबक ठेवा, सुई लगेच सापडते.

आणि मुलानं घातलेले वाकडे टाके उसवून पुन्हा घालू नका. रात्री गुपचूपसुद्धा नाही. मुलं आपली ओळ ओळखतात. आमच्या एका वाकळेवर नातवाची ओळ मधेच डावीकडे वळून पुन्हा जाग्यावर येते. विचारलं तर तो सांगतो, तेव्हा मांजर आली होती.

पेरणी: एक लवकरचं, एक उशिराचं

बागेतही तोच हिशेब. मुलांसाठी दोन गोष्टी लावाव्यात. एक सुट्टीतच हातात येणारी, दुसरी त्यांना पुन्हा यायला लावणारी. पहिलीसाठी मेथी, दुसरीसाठी पावटा. परसू नसलं तर बाल्कनी चालते, मात्र दिवसाचं चार-पाच तास ऊन हवं.

मेथीला फूट बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा क्रेट पुरतो. तळाशी सुती कापड किंवा पोतं, त्यावर वाळका पालापाचोळा दाबून, आणि वर सारख्या मापानं माती, शेणखत आणि कुजलेल्या पाल्याचं खत. दहा बोटं खोली बास. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून घरोघरी हेच शिकवलं, की माती थोडी आणि पालापाचोळा भरपूर ठेवूनही गच्चीवर झाड पोसता येतं. आमची गच्ची त्यांच्याच वाटेवरची. झाडलोटीचा पाला आमच्याकडून आता कचऱ्यात जातच नाही.

घरातल्या मसाल्याच्या डब्यातली मेथी रात्री भिजवा. सकाळी दाट पसरा, अर्ध्या पेराएवढी माती भुरभुरा, झारीनं पाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती उचलून कोंब वर येतात. त्या सकाळी मुलं दात घासायच्या आधी तिथं असतात. मे महिन्यात क्रेट अर्ध्या सावलीत ठेवा आणि दोन वेळा थोडं थोडं पाणी द्या, एकदम ओतू नका. वीस-पंचवीस दिवसांत काढायला येते. त्याहून घाई असेल तर दोन पानांवर असतानाच उपटा. मुंबईत वाळूत उगवलेली ‘समुद्र मेथी’ इवल्या जुड्यांनी विकतात ती अशीच कोवळी असते.

कोथिंबिरीला धणे हलके रगडून दोन फाका करायचे, नाहीतर उगवण कमी होते. ती उगवायला आठ-दहा दिवस घेते. लहान मुलांचा धीर सुटतो, म्हणून मेथी आधी.

आता पावटा. याला कुणी वाल म्हणतं, कुणी घेवडा, गावागणिक नाव आणि शेंगेचा आकार बदलतो. शक्यतो गावातल्याच एखाद्या म्हातारीकडून बी मागून आणा. बाजारातलं पाकीट चालतं, पण जुन्या गावठी वेलाची गोष्टच वेगळी. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो फुलत नाही. जूनमध्ये लावा, पाऊसभर नुसता वाढतो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला जांभळे-पांढरे तुरे येतात. बरोब्बर मुलांच्या सुट्टीला.

जमिनीत हात-दीड हात खड्डा, किंवा निदान दीड फूट खोल कुंडी. शेणखत कालवून तीन बिया इंचभर खोल, बोटाच्या पेरानं. पेर मुलाचंच असू द्या. आठवड्याभरात उगवतात. तीनही उगवल्या तर एक काढा. लगेच काठ्या किंवा सुतळी लावा आणि वर गच्चीच्या कठड्याला, पत्र्याला, कशालाही मांडव द्या. वेलाला एकदा जमिनीवर पसरायची सवय लागली की शेंगा मातीला लागून कुजतात. पावसात कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे ना ते बघत जा. पाणी साठून मेलेले वेल मी किडीनं मेलेल्यांपेक्षा जास्त पाहिले आहेत.

मावा येणारच, विशेषतः ढगाळ हवेत, कोवळ्या शेंड्यांवर. थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं उडवा, किंवा सकाळी दवावर चुलीची राख भुरभुरा. वाढला तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. मुलं खाणार आहेत ती शेंग आहे, तिच्यावर विषारी फवारा नको.

इथं मला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवतात. नातू सारखा आजारी पडायचा, त्याचं कारण फवारलेल्या भाज्यांत असावं असं त्यांना वाटलं, आणि त्या गावठी बिया जमवायला लागल्या. वालाचे कितीतरी वाण त्यांनी राखले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एका आजीनं नातवाच्या ताटाकडे बघून सुरू केलेलं काम आहे ते. माझ्या नातवंडांना ही गोष्ट मी बी पेरताना सांगते, आणि दर वर्षी ती पुन्हा सांगायला लावतात.

बी धरायचं ते असं: निरोगी वेलावरच्या पहिल्या बहराच्या चार-पाच भरलेल्या शेंगांना लाल दोरा बांधा आणि त्या तोडू नका. वेलावरच वाळून खुळखुळ वाजायला लागल्या की काढा, सावलीत आणखी वाळवा, सोला, चाळलेल्या कोरड्या राखेत कालवून बरणीत भरा. राखेनं भुंगा लागत नाही. बरणीवर वर्ष आणि पेरणाऱ्या मुलाचं नाव.

ताटात

पहिली मेथी शिजवूच नका. घोळाणा करा: पानं बारीक चिरून, कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, थोडं तिखट आणि वरून कच्चं तेल. हातानं कालवा आणि गरम भाकरीबरोबर खा. मेथी कडू म्हणून ताटात बाजूला सारणारा माझा नातू स्वतः उपटलेल्या मेथीचा घोळाणा मागून घेतो. कडूपणा तेवढाच असतो, पण ती त्याची मेथी असते.

पावट्याच्या कोवळ्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून परातीत ओतल्या की सगळे भोवती बसून सोलून खातात. ताटं लागत नाहीत आणि कुणी फोनला हात लावत नाही, कारण दोन्ही हात शेंगेत असतात. रायगडकडे थंडीत पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्डी या वासाच्या रानवनस्पतीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, आणि भोवती जाळ. अंगण असेल तर एकदा जरूर करा. वाळलेले दाणे मात्र कच्चे खाऊ देऊ नका, ते बाधतात. रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून नीट शिजवूनच उसळ किंवा आमटी करावी.

लांबची नातवंडं

धाकट्या लेकीची मुलगी परदेशात आहे. वर्षा-दोन वर्षांनी येते. तिच्यासाठी मी सहा इंचांचे चौकोन कापून टपालानं पाठवते. ती त्यावर खडूनं काहीतरी काढते, त्याच रेघेवर धावदोरा घालते आणि परत पाठवते. इथं ते ठिगळ म्हणून वाकळेवर बसतात. व्हिडिओ कॉलवर “जेवलीस का, शाळा कशी आहे” एवढ्यावर बोलणं संपायचं. आता ती विचारते, माझा मासा कुठं लावलास? मग मी फोन वाकळेवरून फिरवते. फोन समोर उभा करून दोघींनी आपापलं शिवत बसायचं, हेही चांगलं जमतं; मधे बराच वेळ कुणी बोललं नाही तरी चालतं.

बिया मात्र पाकिटातून परदेशी पाठवू नका. बऱ्याच देशांत परवानगीशिवाय बी नेता येत नाही. तिथल्याच दुकानातल्या मेथीच्या दाण्यांनी तिनं खिडकीत क्रेट लावला आहे.

सुट्टी संपताना

निघायच्या आदल्या संध्याकाळी हे करा. वाकळ पसरा आणि मुलाला स्वतःची एक कोरी ओळ निवडू द्या. खडू पुसला जातो, म्हणून ओळीच्या सुरुवातीला रंगीत दोऱ्याची गाठ मारा, प्रत्येकाचा रंग वेगळा. सुई वाकळेत टोचून ठेवू नका, गंजते आणि डाग पडतो. कच्चा दोरा काढू नका. वाकळ एक दिवस दोन्ही बाजूंनी उन्हात द्या, घडीत वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाची पुरचुंडी ठेवा आणि गाठी वर दिसतील अशी घडी घाला. मग वेलाजवळ जाऊन काठीवर त्या दिवसाच्या उंचीची खूण करायला लावा.

नंतर बाकीच्या ओळी तुम्ही भरत राहा. त्यांच्या तेवढ्या सोडा. माझ्या ट्रंकेत आत्ता जी वाकळ आहे तिला तीन गाठी आहेत: लाल, हिरवी, आणि टपालानं आलेल्या माशाशेजारी एक पिवळी. लाल गाठवाली यंदा दहावीत आहे, दिवाळीला दोनच दिवस येणार म्हणते. एका ओळीला तेवढे पुरतात.